तारखेचा खिसा

४ जून

प्रिय वहिनी,

पाकिटावर तुझ्या कारखान्याचा पत्ता बघून दचकली असशील. घरी पाठवलं असतं तर आईने आधी फोडलं असतं. फोनवर बोलायचं तर ती स्पीकर लावायला लावते, आणि मग तू 'हो, बरं, जेवतोस ना' याच्या पुढे जात नाहीस. म्हणून कागद. शिवाय माझ्या फोनची काच फुटलीय. कशी फुटली ते सांगायला घेतलं तर हे पत्र तिकडेच जाईल. त्यात एक बकरी आहे.

बातमी अशी की मला नोकरी लागली. हसू नकोस. बोटींना रंग देणं, ट्रकवर माल मोजणं, त्या फोटोवाल्याकडे दिवे धरणं, यातलं काही नाही. खुर्चीवर बसून करायची नोकरी! मधे एका खोलीत ज्याच्याबरोबर राहत होतो त्याने मला प्रोग्राम लिहायला शिकवलं, त्याच्या वाटणीची भांडी मी घासायची या बोलीवर. इथल्या मुकादमाने विचारलं, "कुठे शिकलास?" म्हटलं, "इकडे तिकडे." तो म्हणाला, "ते दिसतंच आहे," आणि कामाला लावलं. मुकादम हे नाव मी ठेवलंय. चांगला माणूस आहे, फक्त घाईत जन्मला असावा.

खोली लॉन्ड्रीच्या वर आहे. फरशी कायम कोमट असते, बूट काढून बसलं की पाय शेकतात. खिडकीतून दुसऱ्यांच्या चादरी दिसतात. एका चादरीवर जहाजं आहेत, ती दर आठवड्याला येते. कोण मुलगा असेल? एवढी धुवावी लागते म्हणजे गादी ओली करत असणार. असो.

काम काय, ते तुला तुझ्या भाषेत सांगतो. कापड कापायच्या आधी तू कागदी नमुना काढतेस ना, बाहीचा वेगळा, कॉलरचा वेगळा? प्रोग्राममध्येही तसेच नमुने असतात. माणसाचं नाव म्हणजे अक्षरं, वय म्हणजे आकडा, असं आधी ठरवून ठेवायचं. मग बाहीच्या जागी कॉलर लावायला गेलं की यंत्रच ओरडतं. इथे एक जुना प्रोग्राम आहे, जुन्या भाषेत लिहिलेला. तो नव्या भाषेत न्यायचाय. बाकीचे लोक शिवण उसवून परत घालतायत. माझ्याकडे फक्त नमुने. या भाषेतला नमुना त्या भाषेत काढायचा. माणसांच्या नोंदी मला दिसत नाहीत, रिकामे नमुने तेवढे दिसतात.

आता खरं सांगतो. हा प्रोग्राम सरकारी नोंदणीचा आहे. जन्म, मृत्यू, आणि हरवलेले. म्हणजे आपला दादाही यातच कुठेतरी आहे.

जुन्या भाषेत माणसाच्या स्थितीचा नमुना तीन प्रकारचा आहे: जिवंत, मृत, बेपत्ता. मुकादम म्हणतो, नव्यात दोनच ठेव, जिवंत आहे की नाही, हो की नाही, सुटसुटीत. मी विचारलं, मग बेपत्ता कशात टाकायचे? तो म्हणाला, "नाहीमध्ये. आहेत का ते? नाहीत. मग झालं!"

वहिनी, दादाची बोट सापडली, दादा नाही सापडला. तुमची ठकी तेव्हा रांगत होती, आता ती दुकानांच्या पाट्या वाचते. एवढी वर्षं आई त्याचा फोन नंबर चालू ठेवतेय. घरात त्याच्याबद्दल 'होता' म्हणायला बंदी आहे. आणि मी, त्याचा सख्खा भाऊ, त्याला 'नाही'च्या गठ्ठ्यात ढकलू? मी भांडणार आहे. तू काळजी करू नकोस. आईला यातलं काही बोलू नकोस.

तुझा,
भोवरा


१५ जून

प्रिय भोवऱ्या,

तुझं पाकीट कटिंगच्या टेबलावर आलं. सुपरवायझरबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "प्रेमपत्र का गं?" म्हटलं, "नाही हो, धाकट्या दिराचं." तर म्हणतात, "मग नोकरी सुटली असणार." म्हटलं, या खेपेला उलटं झालंय, लागलीय. टेबलाभोवती टाळ्या पडल्या. तुझी कीर्ती किती लांब पोचलीय बघ.

खुर्चीवर बसतोस हे वाचून बरं वाटलं. किती दिवस बसशील ते विचारत नाही.

तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं. नमुन्याचं मला समजलं. म्हणून एक सांगते, आणि तू नेहमीसारखं अर्धं ऐकून पळू नकोस. जुन्या नमुन्यावरून नवा काढताना आम्ही आधी त्याच्यावरच्या सगळ्या खाचा नीट बघतो. कडेला एवढीशी खाच असते, वाटतं कात्री चुकली असेल. पण ती बाही कुठे जोडायची त्याची खूण असते. ती राहिली तर पुढचा सगळा गठ्ठा वाकडा शिवला जातो, आणि कळतं ते गिऱ्हाईक घालून बघतं तेव्हा. तेव्हा बेपत्ता या प्रकाराबरोबर आणखी काही जोडलेलं असेल, आकडा, तारीख, शेरा, काहीही, तर ते आहे तसंच ने. कशाचं आहे ते कळलं नाही तर विचार. मला विचार.

भांडू नकोस असं म्हणत नाही. पण कोणासाठी भांडतोयस ते एकदा स्वतःला विचारून घे.

हे नवं यंत्र नोंदणी कार्यालयाच्या खिडक्यांवर कधी येणार? सहज विचारते.

ठकीचा पुढचा दात पडला. आजीने तो कुंडीत पुरायला लावला. आता ठकी रोज त्याला पाणी घालते आणि विचारते, केव्हा उगवेल?

आई बऱ्या आहेत. मी बरी आहे.

तुझी,
वहिनी


२७ जून

प्रिय वहिनी,

जिंकलो! तुझ्या सुपरवायझरबाईंना सांग, अजून नोकरी आहे, आणि एक लढाईही मारली.

सगळं सांगतो. मधे चादरीवाला मुलगा दिसला. मुलगा नाहीच, सत्तरीचे आजोबा आहेत, ताठ मानेने पिशवी घेऊन येतात. जहाजांची चादर त्यांचीच. मी उगाच त्या पोरावर आळ घेतला होता. हां, तर लढाई.

मी मुकादमाला म्हटलं, माहीत नसणं आणि नसणं या दोन गोष्टी आहेत. तुझ्या खिशात किल्ली नाही याचा अर्थ किल्ली वितळली असा होत नाही. तो म्हणाला, "अरे, बाकीची चार कार्यालयं याच नमुन्यावर बसणार आहेत, त्यांना गुंता नकोय." आम्ही आठवडाभर कुरकुरत होतो. शेवटी तो वैतागून म्हणाला, "तिसरा प्रकार ठेव बाबा, पण त्याचा खिसा काढ."

खिसा म्हणजे असं: जुन्या भाषेत 'बेपत्ता'ला एक खिसा शिवलेला होता. त्यात एक तारीख असू शकते, नसूही शकते. पुढे काही लिहिलेलं नाही, नुसती 'तारीख'. नव्या भाषेत असा खिसा लावता येतो, पण मग तो नमुना वापरणाऱ्या प्रत्येकाला लिहावं लागतं की खिसा भरलेला असेल तर काय आणि रिकामा असेल तर काय. लोकांना तेच नको होतं. म्हणून सौदा झाला. खिसा गेला, बेपत्ता राहिला.

तू विचार म्हणाली होतीस, लक्षात होतं. पण मुकादम माझ्या डोक्यावर उभा होता, आणि खरं सांगू? ती तारीख कसली ते मला उघडच दिसत होतं. शोध थांबवल्याची असणार. कोणत्या दिवशी हात झटकले, त्याची. असली तारीख जपून कोणाचं भलं होणार आहे? मी तर म्हणतो बरं झालं. दादा आता नुसता बेपत्ता आहे, स्वच्छ. त्याच्या पुढे कसलीही रेघ नाही.

यंत्र पंधरवड्यात खिडक्यांवर जाईल. मुकादमाने सगळ्यांना चहा पाजला. मला वाटतं दादाने पाठ थोपटली असती. थोपटेल. आल्यावर.

तुझा,
भोवरा


२ ऑगस्ट

भावजी,

पत्राला उशीर झाला. आधी राग ओसरू दे म्हटलं. तो ओसरेना, तेव्हा आहे तसाच पाठवतेय.

ती तारीख शोध थांबवल्याची नाही. कोर्टाच्या निकालाची आहे. इतकी वर्षं माणूस सापडला नाही तर घरच्यांना अर्ज करता येतो, आणि कोर्ट म्हणतं की या तारखेपासून याला मृत मानावं. नोंद बेपत्ताच राहते, तिच्याबरोबर ही तारीख लागते. असा अर्ज मी केला होता. निकाल जानेवारीत लागला.

हे मी तुम्हाला सांगितलं नाही. आईंनाही नाही. सांगितलं असतं तर हे झालं नसतं, एवढं मला कळतं. त्यामुळे अर्धा राग स्वतःवर आहे. उरलेला तुम्ही घ्या.

समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात मला नमुने काढणाऱ्यांच्या विभागात जागा मिळालीय. नुसतं कापायचं नाही, नमुना स्वतः काढायचा. मला किती वर्षं हे हवं होतं ते तुमच्या दादांना माहीत होतं. सप्टेंबरअखेर हजर व्हायचंय. ठकीला घेऊन जायचं तर तिच्या प्रवासाच्या कागदावर आई आणि बाप दोघांच्या सह्या लागतात. बाप नसेल तर तशी नोंद लागते.

परवा खिडकीवर गेले. ठकीला तिचा निळा फ्रॉक घातला होता. तिथल्या बाईंनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "पतीची सही आणा."

म्हटलं, "निकाल झालाय, हा कागद."

"कागद खरा आहे हो. पण यंत्रात तारीखच नाही. इथे नुसतं बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे परत येऊ शकतो. परत येऊ शकणाऱ्याची सही लागते."

"मागच्या महिन्यापर्यंत होती ना तारीख?"

"जुन्यात असेल. हे नवीन आहे."

रांगेतला एकजण मागून म्हणाला, "ताई, नवरा शोधा आणि मग या." लोक हसले. ठकीही हसली, तिला वाटलं गंमत आहे.

तुम्ही दादांना वाचवलंत, भावजी. मला आणि ठकीला मात्र त्या खिडकीशी उभं केलंत.

वहिनी


९ ऑगस्ट

वहिनी,

मी काल काम सोडून नदीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मधे एकाने मला हाक मारून त्याची सायकल धरायला लावली, साखळी बसवेपर्यंत. मी धरली. त्याला काय माहीत.

तू अर्ज केलास. त्यावर सही केलीस. आमच्यातल्या कोणालाही न विचारता. मी इथे त्या मुकादमाशी भांडत होतो, आणि तू जानेवारीतच मोकळी झाली होतीस. मग मी कोणासाठी भांडत होतो? हा प्रश्न तू जूनमध्येच विचारला होतास. म्हणजे तेव्हा सगळं माहीत असून मला खेळवत होतीस. एक वाक्य लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं?

सही करताना दादा आठवला नाही?

आणि विचारतोच. कोणी आहे का दुसरा?

जुन्या प्रोग्रामच्या नोंदी महिनाअखेरपर्यंत ठेवणार आहेत, मग पुसणार. खिसा परत लावला तर तारखा तिथून आणता येतील. ते मलाच करावं लागेल, कारण काढला मी. पण वहिनी, म्हणजे मीच माझ्या हाताने भावाच्या नावापुढे ती तारीख लावायची. मला जमेल की नाही माहीत नाही. मला थोडा वेळ दे.

भोवरा


१४ ऑगस्ट

भोवऱ्या,

कोणी नाही. असता तरी तुला विचारायला आले नसते.

आठवला. कोर्टातल्या कारकुनाने दुसरा कागद दिला, पहिल्यावर शाई पसरली म्हणून. दुसऱ्यावर नीट केली. त्यानंतर कामावर गेले, कारण त्या दिवशी शंभर कॉलर कापायच्या होत्या. जूनमध्ये तुला सांगायला घेतलं होतं. एक आख्खं पान लिहून फाडलं. 'तू त्याला मारलंस' हे तुझ्याकडून ऐकायची माझी तयारी नव्हती. तू तो शब्द लिहिला नाहीस, पण त्याच्या भोवतीचं सगळं लिहिलंस.

काल आईंना सांगून टाकलं. त्या वाळलेले कपडे घड्या करत होत्या. सगळं ऐकलं. हातातली घडी पूर्ण केली. मग ठकीचा फ्रॉक, जो रोज माझ्या ढिगावर ठेवतात, तो उचलून स्वतःच्या ढिगावर ठेवला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ठकीमार्फत निरोप येतात. "आजी म्हणते दूध तापलंय."

तुला वेळ हवाय. माझ्याकडे तो नाही. आणि मी हात जोडणार नाही. दीर म्हणून माझ्यावर रागव, जन्मभर रागव, ती तुझी बाजू झाली. पण नमुना काढणारा म्हणून तुझं काम चुकलंय. आमच्या टेबलावर चुकीचा नमुना निघाला तर तो कोणाचा भाऊ नि कोणाची बायको हे विचारत नाहीत, परत काढायला लावतात. तेवढंच मी तुला सांगतेय.

आणि भोवऱ्या, तो खिसा काही एकट्या आपल्या माणसाच्या नोंदीला नव्हता.

वहिनी


२९ ऑगस्ट

वहिनी,

झालं.

तुझं पत्र घेऊन मुकादमाकडे गेलो. म्हटलं, माझी चूक आहे, खिसा परत लावायचा. तो आधी ओरडला. दोन टेबलांवरची माणसं बाहेर गेली एवढा ओरडला. "तुझा तो तिसरा प्रकार, तुझी ती किल्ली! आता परत?" मी म्हटलं, "हो, परत." मग त्याने खिडक्यांवरून आलेल्या तक्रारी उघडल्या. इतके दिवस त्यांना 'किरकोळ' म्हणून बाजूला सारलं होतं. एका म्हाताऱ्याला बायकोच्या नावावरचं घर मुलीला देता येत नव्हतं. एका बाईला खिडकीवाल्याने सांगितलं होतं, नवरा परत आल्यावर या. मुकादम वाचत गेला आणि त्याचा आवाज खाली येत गेला. शेवटी म्हणाला, "बस. लाव."

नमुना बदलायला काहीच लागलं नाही, एका ओळीचं काम. 'बेपत्ता', त्याला खिसा, आणि या वेळेला खिशावर नीट लिहिलं: मृत मानल्याची तारीख, असेल तर. पण ती ओळ लिहिल्याबरोबर सगळा प्रोग्राम लाल झाला. जिथे जिथे हा नमुना वापरलाय तिथे तिथे यंत्र अडून बसलं. खिसा रिकामा असेल तर काय, ते लिही. भरलेला असेल तर काय, ते लिही. लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. एक पळवाट असते. 'बाकी काहीही असलं तरी चालू दे' असं लिहिलं की यंत्र गप्प बसतं. मुकादम म्हणाला, तसं कर, वेळ नाहीये. मी नाही केलं.

म्हणून प्रत्येक ठिकाणी मला ते लिहावं लागलं. वारसाच्या पानावर: तारीख असेल तर मृत मानावा. घराच्या पानावर: तारीख असेल तर मृत मानावा. मतदार यादीत, पेन्शनमध्ये, कुठे कुठे. आधी वाटलं एकदा लिहून इकडून तिकडे चिकटवत जाईन. पण प्रत्येक ठिकाणचं वाक्य थोडं वेगळं असतं, चिकटवून चालत नाही. दुपारपर्यंत नुसता हात चालत होता. मग मुलांच्या प्रवासाच्या कागदाचं पान आलं. बापाची सही: तारीख नसेल तर लागेल. तारीख असेल तर... तिथे मी थांबलो. बाहेर कोणीतरी बादली आपटली. मला लख्ख आठवत होतं, दादाने मला पोहायला शिकवताना पोटाखालचा हात न सांगता काढून घेतला होता. मी बरंच अंतर गेलो होतो तो हात आहे असं समजून.

लिहिलं. लागणार नाही.

त्यानंतर एकही लाल ओळ उरली नाही. जुन्या नोंदींतून तारखा आणल्यात, पुसायच्या आत. सोमवारपासून खिडक्यांवर दिसतील.

'मोकळी झालीस' लिहिलं होतं. त्याबद्दल काय लिहू ते सुचत नाही.

मुकादम म्हणतो, पुढचं काम आहे, थांब. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.

भोवरा


१२ सप्टेंबर

प्रिय भोवऱ्या,

ठकीचा कागद मिळाला.

खिडकीवर त्याच बाई होत्या. पडद्यावर बघून म्हणाल्या, "हां, आता आली तारीख," आणि पडदा आमच्याकडे वळवला, खात्री करून घ्या म्हणून. ठकी हल्ली दिसेल ते वाचते. तिने टाचा उंच करून मोठ्याने वाचलं, "मृत मानलेला." मग मला विचारलं, "मानलेला म्हणजे काय?"

मी म्हटलं, "म्हणजे कोणाला नक्की माहीत नाही, पण आपण तसं धरून पुढे जायचं."

"आजी धरत नाही."

"आजीने नाही धरलं तरी चालेल."

"आणि काका?"

मी ठकीचा कागद खिडकीत पुढे सरकवला. बाईंनी शिक्का मारला, तो आवाज ऐकून ती दुसरीकडे बघायला लागली.

एवढ्या सगळ्या पानांवर तू तेच वाक्य लिहिलंस, ते वाचून मी टेबलावरून उठून बाहेर जाऊन उभी राहिले. मी ते एकदाच लिहिलं होतं.

आम्ही वीस तारखेला निघतो. तुझं तिथलं काम तू ठरव, मुकादमाला काय सांगायचं तेही. मी ये म्हणत नाही, तुला ये म्हटलं की तू उलट्या दिशेला जातोस. फक्त माहीत असू दे म्हणून लिहिते. आईंच्या डोळ्यांत दुपारी औषधाचे थेंब घालावे लागतात. त्यांचा स्वतःचा हात हलतो, थेंब गालावर पडतो. माझ्याकडून त्या आता घालून घेत नाहीत. मी बाटली घेऊन जवळ गेले की डोळे मिटून घेतात. सध्या ठकी स्टुलावर चढून घालते.

वहिनी